बीबीसी मायक्रोत एडिटर बसवताना

बीबीसी मायक्रोवर मजकूर लिहिण्याची सोय करायची, तर आधी स्क्रूड्रायव्हर शोधावा लागे. १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या घरांत आणि शाळांत पोचलेल्या या संगणकाचा टेक्स्ट एडिटर बहुतेक वेळा चिपच्या रूपात विकत मिळे. अठ्ठावीस पायांची एक काळी चिप, सोबत एक पुस्तिका आणि कळफलकावर लावायची छापील पट्टी, एवढाच तो ऐवज. संगणकाचे झाकण उघडून ही चिप आतल्या मोकळ्या सॉकेटमध्ये बसवली की एडिटर त्या यंत्राचा भाग होऊन जाई. त्यानंतर कॅसेट लावणे नाही, फ्लॉपी शोधणे नाही. बटण दाबायचे, एक शब्द टाइप करायचा आणि लिहायला बसायचे.

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने हा संगणक बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी तयार केला. डिसेंबर १९८१ मध्ये तो बाजारात आला आणि जानेवारी १९८२ पासून बीबीसीने त्याच्या जोडीने दूरचित्रवाणीवर मालिका दाखवायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत अशी सुमारे १५ लाख यंत्रे विकली गेली. आत ६५०२ जातीचा प्रोसेसर २ मेगाहर्ट्झने चाले. मॉडेल ए मध्ये १६ केबी रॅम होती, मॉडेल बी मध्ये ३२ केबी. एडिटर वापरणाऱ्याला मॉडेल बी घेणेच शहाणपणाचे होते, म्हणून इथले सगळे वर्णन त्याच मॉडेलचे आहे.

एडिटर चिपमध्ये का, याचे उत्तर साध्या वजाबाकीत आहे. ३२ केबी म्हणजे ३२,७६८ बाइट. त्यातले सुरुवातीचे ३,५८४ बाइट यंत्र स्वतःच्या कामासाठी ठेवून घेई. फ्लॉपी ड्राइव्ह जोडला असेल तर हा आकडा ६,४०० वर जाई. पडद्यावरचे चित्रही त्याच रॅममध्ये राही. ओळीला ४० अक्षरे दाखवणाऱ्या मोड ७ ला फक्त १,०२४ बाइट लागत. ओळीला ८० अक्षरे हवी असतील तर मोड ३ घ्यावा लागे, आणि तो एकटाच १६,३८४ बाइट गिळे. म्हणजे फ्लॉपी जोडलेल्या यंत्रात मोड ७ मध्ये २५,३४४ बाइट मोकळे राहत, मोड ३ मध्ये जेमतेम ९,९८४. आता १६ केबीचा एडिटर फ्लॉपीवरून रॅममध्ये आणायचा म्हटले, तर मोड ७ मध्ये लिहिणाऱ्यासाठी नऊ हजारांपेक्षा कमी बाइट उरतात आणि मोड ३ मध्ये तो मावतच नाही. तोच एडिटर रॉमच्या चिपमध्ये असेल तर रॅमचा जवळजवळ प्रत्येक मोकळा बाइट मजकुराच्या वाट्याला येतो.

पण रॉमलाही पत्ते लागतात, आणि ६५०२ ला एकूण ६४ केबी पत्तेच ठाऊक. खालचे ३२ केबी रॅमचे. सर्वांत वरचे १६ केबी ऑपरेटिंग सिस्टिमचे. उरलेल्या मधल्या १६ केबींत बेसिक भाषा राहत असे. मग एडिटर कुठे राहणार? एकॉर्नने इथे नामी युक्ती केली. एकाच इमारतीत सकाळी एक शाळा भरावी आणि दुपारी दुसरी, तसे हे मधले १६ केबी पाळीपाळीने वेगवेगळ्या चिपांना वापरू दिले. कोणती चिप या घडीला 'हजर' आहे ते एका छोट्या रजिस्टरमध्ये लिहिलेल्या क्रमांकावर ठरे. चार बिटांचा क्रमांक, म्हणून ० ते १५ अशा सोळा चिपांची सोय. या चिपांना 'साइडवेज रॉम' हे नाव पडले. यंत्राच्या मूळ बोर्डावर मात्र अशा चिपांसाठी चारच सॉकेट होती, १२ ते १५ क्रमांकांची.

चार म्हणजे वाटतात तेवढी जास्त नाहीत. एक बेसिकने आधीच अडवलेले. फ्लॉपी ड्राइव्ह जोडायचा तर त्याची फाइल सांभाळणारी डीएफएस ही प्रणालीसुद्धा रॉममध्येच येई, म्हणजे दुसरे गेले. तिसऱ्यात एडिटर. चौथ्यासाठी स्प्रेडशीट, स्पेलिंग तपासणारा प्रोग्राम, प्रोग्रामरांची अवजारे असे बरेच उमेदवार रांगेत असत. त्यामुळे जादा सॉकेटांचे बोर्ड विकण्याचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. हौशी लोकांच्या यंत्रांची झाकणे मग नीट बंद होत नसत.

एडिटरांत दोन नावे मोठी. कॉम्प्युटर कन्सेप्ट्स या कंपनीचा 'वर्डवाइज' चार्ल्स मॉयर यांनी लिहिला होता आणि तो अवघ्या ८ केबींत बसवला होता. एकॉर्नचीच प्रकाशन शाखा असलेल्या एकॉर्नसॉफ्टचा 'व्ह्यू' मार्क कोल्टन यांचा, १६ केबींचा. दोघांची वृत्ती निराळी. वर्डवाइज मोड ७ मध्येच लिहायला लावी, म्हणजे पडद्यावर ४० अक्षरांची ओळ आणि रॅमची भरपूर बचत. समास, ओळीची लांबी, मथळा मध्यभागी आणणे या सूचना मजकुरातच हिरव्या रंगात लिहायच्या: एफ १ कळ दाबून हिरवा रंग, मग सूचनेची दोन अक्षरे आणि आकडा, मग एफ २ ने पुन्हा पांढरा. छापलेले पान कसे दिसेल ते पाहण्यासाठी मेनूतला सातवा पर्याय घ्यायचा. व्ह्यू मात्र मजकूर पडद्यावरच मांडून दाखवी. पानाच्या वर ठिपक्यांची एक 'रूलर' ओळ असे. तीत तारांकने म्हणजे टॅबची ठिकाणे, आणि शेवटचा कोनी कंस म्हणजे उजवा समास. ही ओळ खोडून दुरुस्त केली की खालच्या परिच्छेदांचा समास बदले. नवशिक्याला वर्डवाइज लवकर हाताशी येतो. पण तक्ते, पत्रे, ओळीओळींचा हिशेब असलेला मजकूर लिहायचा तर व्ह्यू सरस, हे दोन्ही वापरून पाहणाऱ्याला आजही पटेल.

चिप विकत घेण्याआधी एक तपासणी करायची असे. '*एफएक्स ०' ही आज्ञा दिली की ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती पडद्यावर येई. अगदी सुरुवातीच्या यंत्रांत ०.१ आवृत्ती होती आणि साइडवेज रॉमची व्यवस्था तिला नीट पेलत नसे. १.२ दिसले म्हणजे काम झाले. तसे नसेल तर आधी ऑपरेटिंग सिस्टिमचीच चिप बदलून घ्यायची, मग एडिटरचा विचार.

आता यंत्र उघडणे. वीजपुरवठ्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढायची. नुसते बटण बंद करून भागत नाही. झाकण चार मोठ्या स्क्रूंनी धरलेले असते, दोन मागच्या बाजूला आणि दोन पोटाखाली, आणि त्यांच्याजवळ 'फिक्स' अशी अक्षरे उमटवलेली असतात. झाकण उचलले की डावीकडे वीजपुरवठ्याची पेटी, मागे मुख्य बोर्ड आणि पुढे कळफलक दिसतो. रॉमची सॉकेट बोर्डाच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात, नेमकी कळफलकाच्या खाली झाकलेली. म्हणून कळफलकाचे बोल्ट सोडवून तो हलकेच बाजूला सरकवावा लागतो. त्याची पट्टीसारखी केबल ताणू नये. ती सोडवायचीच झाली तर कनेक्टर धरून सरळ वर ओढावा, तारा धरून नव्हे.

आता पाच मोठी सॉकेट एका ओळीत दिसतात. डावीकडचे पहिले ऑपरेटिंग सिस्टिमचे, त्याला हात लावायचे कारण नाही. उरलेली चार साइडवेज रॉमची. डावीकडून उजवीकडे क्रमांक वाढत जातो आणि त्याबरोबर मानही वाढतो. हा मान काय ते पुढे येईलच.

चिप हातात घेण्यापूर्वी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवायची. कोरड्या हवेत, नायलॉनच्या गालिच्यावर चालत आलेल्या माणसाच्या बोटातून एवढी वीज चिपमध्ये जाऊ शकते की ती तिथल्या तिथे निकामी व्हावी. नव्या चिपचे पाय थोडे बाहेर फाकलेले असतात, त्यामुळे ते सॉकेटच्या छिद्रांत सरळ उतरत नाहीत. चिप कुशीवर धरून टेबलाच्या सपाट पृष्ठावर एका बाजूचे चौदाही पाय एकदम हलकेच दाबायचे, मग दुसऱ्या बाजूचे. दोन्ही रांगा समांतर झाल्या की पुरे. एकेक पाय बोटाने वाकवत बसले तर एखादा वाकडा राहतोच.

चिपच्या एका टोकाला अर्धवर्तुळाकार खाच असते. बीबीसी मायक्रोत ती खाच यंत्राच्या मागच्या बाजूला यायला हवी. शंका असेल तर शेजारच्या बेसिकच्या चिपकडे पाहावे. सगळ्यांची खाच एकाच दिशेला असते. यात चूक झाली तर ती महागात पडते, कारण चौदावा पाय जमिनीचा आणि अठ्ठाविसावा पाच व्होल्टचा. चिप उलटी बसली की दोन्ही नेमके अदलाबदल होतात, ती तापते आणि बहुधा कायमची जाते. दिशा बरोबर असल्याची खात्री झाली की चिप सॉकेटवर टेकवायची, सगळे पाय आपापल्या छिद्रावर आले आहेत का ते बाजूने वाकून पाहायचे आणि मग दोन अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यायचा. हमखास होणारा घोळ म्हणजे एखादा पाय छिद्रात न जाता चिपच्या पोटाखाली दुमडतो. वरून पाहिले तर चिप व्यवस्थित बसलेली दिसते. तसे झाल्यास चपट्या स्क्रूड्रायव्हरने चिप दोन्ही टोकांकडून थोडी थोडी उचलायची, पाय चिमट्याने सरळ करायचा आणि पुन्हा बसवायची. एकच पाय दोन-तीनदा वाकला तर तुटतो.

सॉकेट कोणते निवडायचे, हा प्रश्न दिसतो तितका बिनमहत्त्वाचा नाही. यंत्र चालू झाले की ऑपरेटिंग सिस्टिम सोळाही क्रमांक तपासते. त्या जागी खरोखरच रॉम आहे की रिकामे सॉकेट, हे ओळखण्याची खूण गमतीची आहे: प्रत्येक रॉमच्या सुरुवातीच्या भागात कॉपीराइटची ओळ असते आणि तिची सुरुवात कंसातल्या 'सी' ने व्हावी लागते. ती तीन चिन्हे ठरल्या जागी सापडली तरच रॉम ग्राह्य. कायद्याची ओळ अशी यंत्राच्या कामाला लावण्याची कल्पना एकॉर्नच्या अभियंत्यांना सुचली खरी. शेजारच्या एका बाइटमध्ये रॉमचा प्रकार लिहिलेला असतो: हा रॉम 'भाषा' आहे, की नुसती सेवा पुरवणारा. बेसिक ही भाषा, व्ह्यूसुद्धा यंत्राच्या लेखी भाषाच. डीएफएस मात्र सेवा. यंत्र चालू होताना सर्वांत वरच्या क्रमांकाच्या भाषेला पहिला मान मिळतो. म्हणजे व्ह्यू बेसिकच्या उजवीकडे बसवला तर बटण दाबताच व्ह्यू उघडतो, डावीकडे बसवला तर बेसिक.

घरात मुले खेळ खेळणार आणि प्रोग्राम लिहिणार असतील तर बेसिक उजवीकडे ठेवावे. यंत्र एखाद्या कचेरीत फक्त पत्रे लिहिण्यासाठी असेल तर एडिटर. बेसिक कारखान्यातून सहसा या चारांतल्या सर्वांत डावीकडच्या सॉकेटमध्ये बसवलेले येई, त्यामुळे ज्यांनी व्ह्यूची चिप विचार न करता शेजारच्या सॉकेटमध्ये लावली त्यांना दुसऱ्या दिवशी बेसिकच दिसेनासे झाल्याचा धक्का बसे. बेसिक कुठे गेलेले नसे. '*बेसिक' टाइप केले की ते हजर होई, आणि '*वर्ड' टाइप केले की पुन्हा व्ह्यू. दोघांचा मजकूर एकाच रॅममध्ये असल्याने एकातून दुसऱ्यात जाण्याआधी काम साठवून ठेवावे लागे, एवढेच.

तारांकनाने सुरू होणाऱ्या आज्ञा ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातात. तिला आज्ञा ओळखता आली नाही की ती प्रत्येक रॉमला वरपासून खालपर्यंत विचारत जाते: ही तुझी का? व्ह्यूचा रॉम 'वर्ड' या शब्दाला होकार देतो आणि ताबा घेतो. कोणीच होकार दिला नाही तर 'बॅड कमांड' असा शेरा पडद्यावर येतो. नवी चिप बसवल्यावर हा शेरा दिसला तर चिपचा एखादा पाय लागलेला नाही असे समजावे.

झाकण परत लावण्याआधी, ते उघडे असतानाच, यंत्र एकदा चालू करून पाहण्याचा रिवाज होता. वीजपुरवठ्याच्या पेटीजवळ आणि बोर्डावर कुठेही हात न घालता. चालू होताच खालच्या पट्टीतला लांब स्वर आणि मग एक छोटा उंच 'बीप' ऐकू आला तर सारे ठीक. लांब स्वर थांबतच नसेल तर यंत्र पुढे सरकलेले नाही. ताबडतोब बंद करून चिपची दिशा पाहावी. पडद्यावर नुसता 'लँग्वेज?' असा प्रश्न आला तर एकही भाषा रॉम सापडलेला नाही, बहुधा बेसिकची चिप धक्क्याने सैल झाली आहे. '*हेल्प' दिले की बसवलेल्या रॉमची नावे आवृत्तीसह पडद्यावर येतात. त्या यादीत एडिटरचे नाव दिसले की झाकण लावायला हरकत नाही.

व्ह्यू पहिल्यांदा उघडल्यावर किती बाइट मोकळे आहेत, कोणती फाइल चालू आहे, पडद्याचा मोड कोणता हे ओळीने दिसते आणि खाली कर्सर लुकलुकत राहतो. इथे नवखा माणूस अडकतो. एस्केप दाबून लिहायला जावे तर एडिटर जाऊ देत नाही, कारण आधी 'न्यू' लिहून मजकुरासाठी जागा तयार करायची असते. ते केले की मग एस्केप कळ लिहिण्याचा पडदा आणि आज्ञांचा पडदा यांत ये-जा करते. कळफलकाच्या वरच्या रांगेतल्या दहा लाल कळा, एफ ० ते एफ ९, शिफ्ट आणि कंट्रोलच्या जोडीने तीन-तीन कामे करतात, म्हणून डब्यातली ती छापील पट्टी त्यांच्या वर पारदर्शक पट्टीखाली सरकवून ठेवायची. एफ ९ च्या शेजारीच ब्रेक ही कळ आहे. ती कळ तिथे ठेवणे हा या यंत्राच्या रचनेतला सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

साठवण्याचे दोन मार्ग. कॅसेटवर १,२०० बॉडच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला फार तर १२० बाइट. दहा हजार बाइटांच्या लेखाला दीड मिनिटाच्या आसपास लागणार. फ्लॉपीवर हेच काम काही सेकंदांचे, पण डीएफएसच्या तऱ्हा सांभाळून: फाइलचे नाव सात अक्षरांपेक्षा मोठे नको, आणि तबकडीच्या एका बाजूवर ३१ पेक्षा जास्त फाइली नकोत.

भारतात हे यंत्र शाळांच्या वाटेने आले. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा पथदर्शी प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडला. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने तो 'एससीएल युनिकॉर्न' या नावाने इथेही बनवला. भारतीय भाषांत लिहिण्याला मात्र वर वर्णिलेले एडिटर उपयोगाचे नव्हते. मोड ७ ची अक्षरे एका वेगळ्या चिपमध्ये कायमची कोरलेली होती, ती बदलताच येत नसत. इतर मोडमध्ये स्वतःची अक्षरे घडवता येत, पण ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकटीत. वर वेलांटी, मग शिरोरेखा, खाली उकार एवढे काढून झाले की अक्षरासाठी चार-पाच ओळीच उरतात. 'क्ष' किंवा 'ज्ञ' त्यात ओळखू येणे कठीण. पुढे पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड आणले तेव्हा पीसीवर देवनागरीची सोय झाली, आणि तीही पेटी उघडून आत कार्ड बसवूनच.

१९८६ मध्ये आलेल्या बीबीसी मास्टर १२८ ने चिप बसवण्याची गरजच काढून टाकली. त्यातल्या १२८ केबींच्या एकाच मोठ्या रॉममध्ये बेसिक, व्ह्यू, स्प्रेडशीट आणि 'एडिट' नावाचा नेटका टेक्स्ट एडिटर कारखान्यातूनच येई. नको असलेला रॉम '*अनप्लग' या आज्ञेने झाकून ठेवता येई आणि यंत्राने कोणत्या भाषेत सुरू व्हायचे तेही आज्ञेनेच ठरे. सॉकेटच्या डाव्या-उजव्याचा प्रश्न तिथे संपला. मधल्या काळात काहींनी साइडवेज रॅम हा मार्ग धरला: रॉमच्या जागी रॅम बसवायची आणि एडिटरची प्रत फ्लॉपीवरून तीत उतरवायची. सोय मोठी, पण चिपांच्या फुकट प्रती फिरायला लागल्या त्याही याच वाटेने.

आज असे जुने यंत्र हाती लागले तर एडिटर बसवण्याआधी वीजपुरवठ्याकडे लक्ष द्यावे. त्यातले कागदी फिल्टर कपॅसिटर वयाने तडकतात आणि चालू केल्यावर काही मिनिटांत दुर्गंधीयुक्त धूर काढतात. ते जाणकाराकडून आधीच बदलून घ्यावेत. तापण्या-गार होण्याने चिपा सॉकेटमधून हळूहळू वर सरकतात, म्हणून बसलेल्या सगळ्या चिपा एकदा दाबून घ्याव्यात. मूळ चिप मिळाली नाही तर २७१२८ जातीच्या एप्रॉमवर एडिटरची प्रत लिहून तीच त्या सॉकेटमध्ये बसवता येते. एप्रॉमच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीवर अपारदर्शक कागद चिकटवायला विसरू नये; ती उघडी राहिली तर उन्हातल्या अतिनील किरणांनी आतला प्रोग्राम पुसला जातो.